खालची दुलई

झोळीत झोपणाऱ्याला थंडी वरून वाजत नाही,
खालून वाजते.
अंगाच्या भाराने पिसं दबतात
आणि दबलेली पिसं ऊब धरत नाहीत.
हे मला पाठीनेच शिकवलं,
व्हर्जिनियाच्या डोंगरात, नोव्हेंबरमध्ये.

म्हणून एक दुलई झोळीच्या बाहेरून लावायची, खालून.
दोन्ही टोकांना रबरी दोरी, दोरीला आकडा.
टेकली पाहिजे, दबता कामा नये.
फार ताणली तर पिसं मरतात,
सैल सोडली तर मधे वारा राहायला येतो.
कुशीवर वळलं की घसरते,
आणि नेमकी पाठ उघडी टाकून.

मी सगळे उपाय केलेत.
कडेला बटणं शिवली. तुटली.
आईच्या शिवणपेटीतलं इलॅस्टिक लावलं.
तिच्या पेटीकोटाचं आहे, ऑर्लिन म्हणाला होता,
आणि आम्ही दोघं झाडाला धरून हसलो होतो.
यंदा कपडे वाळत घालायचे चिमटे आणले.
ते रात्री एकेक करून सुटतात:
टक्.
मग बराच वेळ काही नाही.
मग टक्.

ऑर्लिन माझ्या पाठचा. चौदा महिन्यांनी.
त्याच्या वाटणीचं रान त्याने विकलं
नाताळची झाडं लावणाऱ्या कंपनीला.
वडिलांच्या गाई जिथे वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या
तिथे आता कंबरभर फर, ओळीत,
शेंड्यांना किमतीच्या रंगीत फिती.
दोन वर्षं झाली. बोलणं नाही.

पण चार मैल पायवाट दोघांच्या नावावर आहे,
वादळात आडवे पडलेले ओक कापून बाजूला सारायची,
आणि त्या रानात मोटारीच्या करवतीला बंदी.
सहाफुटी करवतीला दोन माणसं लागतात.
एकाने ओढायची, तेव्हा दुसऱ्याने सोडायची.
ढकलायची नाही. ढकललं की पातं वाकतं.
यात बोलावं लागत नाही, हे एक बरं आहे.

रात्री दोनच्या सुमाराला शेवटचा चिमटा सुटला.
कमरेखाली कुणी गार पाण्याची परात सरकवावी
तसं झालं.
उतरावं, तर बूट गोठून लाकूड झालेले.
आतूनच हात घालावा, तर भार सरकतो,
भार सरकला की दुलई आणखी सरकते.
स्वतःची पाठ कुणाला झाकता आली आहे?
मी हट्टाने पडून राहिलो.
त्यात मी तरबेज आहे.

पलीकडच्या झोळीची दोरी करकरली.
गोठलेल्या पानांवर पावलं. डावा गुडघा वाजला,
वडिलांचा वाजायचा तसा.
त्याने दिवा लावला नाही.
झोळी आणि दुलई यांच्यामधे तळवा घातला,
खांद्यापासून माकडहाडापर्यंत सावकाश फिरवला,
गाभण गाईच्या पोटावरून फिरवतात तसा,
वासरू कुठल्या कुशीला आहे ते बघायला.
मी घोरण्याचं सोंग केलं.
वाईटच केलं असणार.
तो थोडा थांबला.
मग खाली बसून बराच वेळ काहीतरी खटपट करत राहिला,
नाकाने श्वास टाकत,
आणि गेला.

ऊब लगेच येत नाही.
आधी नुसती थंडी थांबते.

सकाळी पाहिलं:
दुलईची मोकळी कड
झोळीवरून जाणाऱ्या दोरीला बांधलेली,
दोन्ही बाजूंनी, सारख्या उंचीवर,
बुटाच्या तपकिरी नाडीने, मधे चाकूने कापून.
मी गाठी सोडवल्या. दोन तुकडे खिशात ठेवले.
त्याने मागितले नाहीत.
कॉफीचं भांडं माझ्याकडे सरकवून
तो पुढे निघाला,
डावा बूट पायात फटफटत.

पहिला ओक पाणवठ्यापाशीच आडवा होता.
त्याने पलीकडची मूठ धरली, मी अलीकडची.
पातं सालीवर टेकवलं.
"ओढ," मी म्हणालो,
सांगायची काही गरज नव्हती तरी.