बोटभर फट

रात्रपाळी करून आले की माझी रात्र
सकाळी नऊला सुरू होते,
वाढे फाट्याच्या ह्या घरात,
हायवेपासून पन्नास पावलांवर.

म्हणून ती खिडकी. दुहेरी काचेची.
पाचगणीच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून
ह्यांनी टेम्पोत गादीवर निजवून आणलेली,
पसरणीच्या घाटात प्रत्येक वळणाला
एक हात तिच्यावर ठेवून.
तीन वर्षं बरी चालली.
मग झुकली.
कडीकडचा खालचा कोपरा चौकटीवर घासायला लागला
आणि वर पडली बोटभर फट.

बोटभर फटीतून काय काय येतं म्हणून सांगू:
बंगळुरूकडे निघालेल्या ट्रेलरचा हवेचा ब्रेक,
पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर,
उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं, दोन्ही ट्रॉल्या गेल्या तरी न संपणारं,
आणि एकदा, शपथ, अख्खी वरात.
मी टॉवेल कोंबला. मग कापूस.
ह्यांनी तेल घातलं.
शेजारचे पोळ म्हणाले, खालून कानस मारा,
सूतभर काढा की बसतीय.

दस्तगीर शिकलगार आला तो कानस न घेता.
खिडकी उघडली, मिटली, परत उघडली.
खालून तळवा लावून जराशी उचलून पाहिली,
आम्ही पेशंटची टाच उचलतो तशी.
मग दोरी ताणली, ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.
"ताई, बिजागरी धड हाय.
काच आत नुसती उभी हाय बगा, टेकलेली न्हाई.
बिनटेक्याची काच चौकटीला लोंबकळती."

पट्ट्या त्यानं पटाशीनं सोडवल्या,
काच पुढं आली तसं म्हणाला, धरा.
धरली. रोज माणसं धरते मी,
पण काच धरताना श्वास कुठं सोडायचा कळेना.
खिशातून त्यानं निळे प्लास्टिकचे तुकडे काढले,
भिजलेल्या बिस्किटाएवढे जाड.
एक सरकवला खाली, बिजागरीकडं.
एक वर, कडीकडं. तिरप्यात.
"आता काचच चौकट उचलून धरंल."
आणि जो कोपरा झुकलाय, त्याला?
"त्याला कशाला हात लावायचा. त्यो येतोय आपसूक."

आला.

दोन काचांच्या मधे उजव्या अंगाला धुकं आहे,
पंजाएवढं. ते मी आतून पुसलं होतं,
शिडी लावून बाहेरूनही.
"ते न्हाई जायचं," तो म्हणाला, "शील गेलंय.
तिथं कुन्या बाजूनं हात पोचत न्हाई."
साडेतीनशे घेतले,
उरलेले दोन तुकडे ओट्यावर ठेवले, असू देत म्हणून.

मी कडी फिरवली.
एक ट्रेलर गेला. दिसला, म्हणून कळलं.
आपल्या घरात फ्रिज आहे हे मला तेव्हा समजलं,
आणि घड्याळाचा काटा पुढं सरकण्याआधी
जरासा अडतो, तेही.

झोपले.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलेलं.
स्वयंपाकघरात राहिलेल्या मोबाईलवर
अकरा मिस कॉल, सगळे ह्यांचे.
किल्ली आतल्या खुंटीला.
बेल दिवाळीपासून बंद.
आणि एरवी ते हाक मारायचे
त्या फटीतूनच, हळू, तोंड जवळ नेऊन.

दार उघडलं.
पायरीवर बसलेले, मांडीवर पिशवी,
कोरेगावहून आणलेल्या ओल्या शेंगांची,
आणि पायाशी टरफलांचा ढीग
चपला बुडतील एवढा.

"कधी आलात?"

"हे काय," म्हणाले, "आत्ताच."