अकरा महिन्यांचा कागद

दरवर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात
शिकलगार सरांचा कागद मीच टाईप करतो.
नाव तेच, पद तेच,
‘निव्वळ तात्पुरत्या स्वरूपात’ तेच.
वर्ष बदलायचं,
मानधनात कधीमधी पाचशे वाढवायचे.

यंदा साहेब म्हणाले, थांब.
एवढंच. थांब.

संध्याकाळपर्यंत पेठेत पोचलं.
रात्री गंगावेशीत दुधाचा पेला ओठाला लावून
कुणी म्हणालं, सर गोव्याला चालले,
खोलीसुद्धा बघून आल्यात.
कुणी म्हणालं, पुण्याचा पोरगा येतोय,
लायसनवाला,
लॅपटॉपवर बाण काढून गोल करतो.
चेअरमनच्या भाच्याला सेमीफायनलला बाकावर ठेवलं,
ते नडलं, असंही एक.
‘न्हाई रं, गुडघं गेल्यात त्यांचं,’
हे सलूनवाल्या दगडूचं मत,
वस्तरा हवेत धरून दिलेलं.

ज्या दोन तालमींत मॅचच्या दिवशी दगड उडतात
त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं:
सर गेले तर ग्राउंड गेलं.
मग लगेच जुंपली,
सर मुळात कुठल्या तालमीचे यावरून.

माझ्याकडे बघतात सगळे. फाईल तुझ्याकडं असती की.
मी म्हणतो, कार्यालयीन बाब आहे.

फाईलमध्ये सव्वीस कागद आहेत,
डाव्या कोपऱ्यात भोक पडलेले,
आणि दर दोन कागदांच्या मधे
एक मे महिना, जो कुठंच नाही.
एक जून ते तीस एप्रिल.
बारावा महिना दिला की माणूस कायम होतो,
हे हेडक्लार्क आतिग्रेंनी मला
पहिल्याच दिवशी शिकवलं होतं,
चहा पाजून.

पंचवीस मे, आणि हा चालू धरून सव्वीस.
एकदा कॅल्क्युलेटरवर केले:
दोन वर्षं दोन महिने
हा माणूस कुणाचाच कोच नव्हता.
त्या दोन वर्षं दोन महिन्यांत
पहाटे पाचला शिट्टी दातात धरून
स्वतः फक्की मारत होता,
वाकून, रेघ वाकडी गेली की पायानं पुसून.
आजा तलवारींना धार लावायचा म्हणे,
हे पोरांच्या डाव्या पायाला लावतात.
मे महिन्यात सुद्धा. फुकट.
कागदावर नसलेल्या माणसाला
ऊन लागत नसावं.

मी त्यांचा राखीव गोलकीपर. दोन हंगाम.
एकही मॅच नाही.
एकदा धीर करून म्हटलं, सर, माझं काय?
म्हणाले, तू बाकावर दिसलास
की पहिल्याची झोप उडती.
तेव्हा राग आला होता.
अजून आहे थोडा.

आज दुपारी सर ऑफिसात आले.
मी फाईल हजेरीपटाखाली सरकवली,
उत्तर तोंडात तयार ठेवलं: साहेब दौऱ्यावर आहेत.

‘अभ्या, पंपाची सुई हाय काय रं?
दोन बॉल बसल्यात.’

टाचण्यांच्या डबीत सापडली.
घेऊन निघाले, दारात थांबले,
मान तिरकी करून माझ्या स्क्रीनकडे बघितलं.
स्वतःचं नाव वाचलं असणार,
आणि त्याच्यापुढची रिकामी तारीख.

‘दुपारची लाईट जाती,’ म्हणाले.
‘सेव्ह करून ठेव.’

मी केलं.
जुन्याच्या जागी नवीन ठेवायचं का,
मशीननं विचारलं. हो की नाही.
खिडकीतून सर दिसत होते,
पायरीवर बसलेले, गुडघा लांब सोडून,
सुई ओली करायला तोंडात धरलेली,
मांडीवर बसका बॉल,
आणि अंगठ्यानं
त्याचं भोक शोधत होते.