उघडायला लागणारा वेळ

दोह्याहून चार इंजेक्टर आले
शमूच्या बॅगेत, खजुराच्या डब्याखाली,
आईसाठी घेतलेल्या बामाच्या बाटल्यांना टेकून.
कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय?
शमशुद्दीन वस्ता म्हणाला, नळ.
खोटं नव्हतंच ते.

जुन्यांच्या दुप्पट तोंडाचे.
बलेनो बावीस वर्षांची, टर्बो बसवून वर्ष होत आलेलं,
आणि डोकं अजून मागच्याच हिशेबात:
इतके मिलिसेकंद उघड, इतकं पेट्रोल जाईल.
पहिल्याच स्टार्टरला इंजिन बुडालं.
मिरजोळ्याच्या शेडमधून काळा धूर निघाला,
समोरच्या काजूवाल्या बायका दारात आल्या,
"पेटली काय गो?"
प्लग काढले तर
स्टोव्हच्या वातीसारखे ओले.

मी लॅपटॉप मांडीवर घेऊन समजूत घालत बसले:
बाबा रे, तोंड मोठं झालंय तुझं,
घोट लहान घे.
एक आकडा बदलला.
सुरू झाली. खोकत, पण झाली.

रात्री अकरानंतर भाट्याचा पूल मोकळा असतो.
शमू चालवतो, मी शेजारी,
सायलेन्सरमधल्या सेन्सरची वायर खिडकीतून आत.
तिसरा टाक. दाब. पूर्ण दाब. सोड.
स्क्रीनवर सोळा गुणिले सोळा कुणगे,
प्रत्येकाला वेगळं पाणी.
कुठे साडेबारा, कुठे अकरा आठ.
भर टर्बोत तेराच्या वर गेलं तर पिस्टन वितळेल,
हे शमूला सांगितलं नाही,
नुसतं "सोड" जरा जोरात म्हटलं.

गोळपच्या चढावर ठेच लागली.
त्या कुणग्यात पेट्रोल वाढवलं. गेली.
परतताना सपाटीवर तीच ठेच, दुसऱ्याच कुणग्यात.
तिथेही वाढवलं.
रेडिएटरचा पंखा लागला, आणखी तिसरीकडे.
दोन वाजेपर्यंत मी बांध फोडत होते
आणि स्वतःला हुशार समजत होते.

सुरूबनापाशी थांबलो.
शमूनं दिवे विझवले
आणि इंजिन आपोआप शहाणं झालं.
लाव बघू. बंद कर. परत लाव.

हुकूम सुटला की इंजेक्टर लगेच उघडत नाही.
सेकंदाचा हजारावा भाग जातो मध्ये.
कागदावर त्याला मृत वेळ म्हणतात.
वीज कमी मिळाली की हाकेला ओ उशिरा,
तेवढंच पेट्रोल कमी.
हे मला पाठ होतं, तक्ता भरलेला होता.
पण कॉम्प्युटर म्हणत होता तेरा आठ,
आणि इंजेक्टरच्या पिनेवर मीटर लावला
तर तो म्हणाला अकरा नऊ.
दोघंही खरंच बोलत होते,
आपापल्या जागेवरून.

मधे एक वायरींचा जोड.
खाऱ्या वाऱ्यानं हिरवा पडलेला,
दोनच तारांवर तग धरून,
आणि त्यातूनच शमूनं नवे हेडलाइट ओढलेले,
पंखाही.
"माका वाटला, जवळ पडता."
ब्लेडनं खरवडला त्यानं, मोबाइल दातांत धरून.

मग वाढवलेलं सगळं मला काढून घ्यावं लागलं,
कुणगा कुणगा फिरून.
घालायला जितका वेळ लागला
त्याहून जास्त लागला,
कारण कुठे काय घातलं
ते मी लिहून ठेवलं नव्हतं.

चारला पुलावरून गेलो.
काहीच झालं नाही.
हेच व्हायला हवं होतं.

राहिली गार सुरुवात.
ती तापल्या इंजिनाला शिकवता येत नाही.
दिवसातून एकदाच, पाच-सात सेकंद,
चुकलं की उद्या.
म्हणून बॉनेट उघडं टाकून बसलो,
डब्यात तांदळाची भाकरी, सुकट.
मिरकरवाड्याच्या लाँची बाहेर पडत होत्या,
त्यांची डिझेलं कुणाला न विचारता चालतात.
"आता काय करूचा?"
काही नाही. गार होऊ दे.
शमूनं हात लावून पाहिला.
"ताप हा अजून."
स्क्रीनवर चौऱ्याहत्तर.
बऱ्याच वेळानं,
त्र्याहत्तर.