दोन रेघा

वोंगानी, तू फेरीतून उतरलास
आणि मी तुझी बॅग उपसली. नर्सची सवय, दुसरं काय.
माझ्यासाठी लोकरीचे मोजे
(इथे, तळ्याकाठच्या या उकाड्यात!),
मुलांसाठी चॉकलेटं, वितळून एकच ढेप झालेली,
आणि तळाशी हिवतापाच्या गोळ्यांचं पाकीट,
न फोडलेलं.

"आत्या, मी इथलाच ना," म्हणालास.
"याच तळ्याचं पाणी पिऊन वाढलो.
गोळ्या गोऱ्यांसाठी असतात."
मच्छरदाणीची गाठही सोडली नाहीस.
दोस्तांबरोबर मध्यरात्र उलटेपर्यंत अंगणात,
उघडे पाय पसरून,
कोंडोवोलेच्या गोळ्याबरोबर तळलेले उसिपा खात
लीड्समधल्या बर्फाच्या गोष्टी सांगत बसलास.
तुझ्या पोटऱ्यांवर कोण जेवत होतं
ते मला आतून ऐकू येत होतं.

दवाखान्यात माझ्याकडे पाहुणे येतात.
ती नॉर्वेची पोरगी, डास चावला की वहीत तारीख लिहायची.
तो जर्मन म्हातारा, दातसुद्धा उकळलेल्या पाण्याने घासायचा,
ग्लासात बर्फ दिसला की हात जोडायचा.
आम्ही हसतो त्यांना. मीही हसते, खोटं कशाला बोलू.
पोट मात्र त्यांचंही बिघडतं. मग मी सांगते:
लिटरभर उकळून निववलेलं पाणी,
साखर सहा चमचे, सपाट,
मीठ अर्धा चमचा,
आणि आधी स्वतः चाखून बघ,
आसवांपेक्षा खारट लागलं तर ओतून दे.
चाखताना प्रत्येक जण जरा थांबतो.
आपल्या आसवांची चव आठवत असावा.

अकराव्या दिवशी भर दुपारी
तुझे दात वाजायला लागले.
"प्रवासाचा शीण," म्हणालास. मग म्हणालास, "फ्लू."
मी बोट टोचलं.
पंधरा मिनिटं आपण दोघं त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत बसलो,
लहानपणी गळ टाकून बसायचो तसे.
एक रेघ उमटली. ती उमटतेच.
मग दुसरी,
आधी फिकट, मग स्वतःविषयी खात्री पटल्यासारखी.

रक्त फार विसराळू, बाळा.
नाळ कुठे पुरली ते त्याला आठवत नाही.
बारा वर्षं एकही शत्रू दारात आला नाही
तर भाला गंजणारच.
इथल्या मुलांचं रक्त दर पावसाळ्यात धडा गिरवतं,
म्हणून त्याला येतो.
ती फी काय असते, तू विचारलं नाहीस.
माझी थोरली धडा यायच्या आधीच गेली.
तेव्हा तू तिच्यापेक्षा वीतभर उंच होतास.

रजिस्टरात रकाना आहे: स्थानिक की पाहुणा.
माझं पेन तिथे अडलं.
मग लिहिलं. तू उशीवरून वाचलंस
आणि भिंतीकडे तोंड फिरवलंस.

पहिला डोस शेंगदाण्याच्या खिरीबरोबर,
रिकाम्या पोटी हे औषध अंगी लागत नाही.
दुसरा आठ तासांनी. मी गजर लावला,
पण झोपलेच नव्हते.
तू कुडकुडत होतास. दोन चादरी, माझी चितेंजे,
तरी थांबेना.
तेव्हा ते मोजे काढले
आणि तुझ्याच पायांत घातले.
टाचेला अजून किमतीची चिठ्ठी होती.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सगळ्या गोळ्या संपव म्हटलं,
बरं वाटलं तरी. संपवल्यास.

आता तू जाशील. ही चिठ्ठी पासपोर्टात ठेव:
वर्षभरात कधीही ताप आला
तर तिथल्या डॉक्टरला आधी गावाचं नाव सांग,
लक्षणं नंतर.
तो सर्दी म्हणाला तर पुन्हा सांग.
तळ्यात पोहलास, त्याचीही तपासणी करून घे;
गोगलगायी नातं बघत नाहीत.

काल रात्री मी कंदील घेऊन आले, तर
दाणी गादीखाली नीट खोचलेली होती,
चारही बाजूंनी.
आत तू झोपला होतास
पाहुण्यासारखा,
मोजे घालून.