कोणती काल?

चौथी आणि पाचवी मिळून अकरा मुलं,
एक खोली, एक मी.
भिंतीवर विश्वामित्रीच्या पुराची तपकिरी रेघ,
माझ्या कमरेला, केयूरच्या कानाला.
जूनमध्ये ती त्याच्या टाळूवरून जात होती.
उंचीची नोंद आम्ही अशीच ठेवतो.

स्मार्ट बोर्ड बसवून गेले त्याला दोन दिवाळ्या झाल्या.
तो अजून 'अपडेट होत आहे' म्हणतो.
त्याच्यावर रुमाल वाळत घालू देत नाही मी,
एवढा मान ठेवलाय.

केयूर खानविलकरनं निबंधात लिहिलं:
'मी काल मामाकडे जाईन.'
मी 'काल'भोवती लाल गोल काढला,
गोलाला शेपूट, शेपटाच्या टोकाला 'उद्या'.
बावीस वर्षं काढतेय असे गोल,
आता बांगडीसारखे जमतात.

दोन दिवसांनी पुन्हा: 'काल परीक्षा आहे.'
मी म्हटलं, अरे, काल म्हणजे होऊन गेलेलं.
परीक्षा होऊन कशी जाईल?
पेपर तर माझ्या कपाटात आहेत.
तो खरंच गोंधळला.
'बेन,' मग जीभ चावून, 'बाई,
कोणती काल?
गेली काल की येती काल?'

बाहेर रस्त्यावर कोथिंबिरीचा भाव गुजरातीत चालला होता.
त्या सबंध रस्त्याला एकच काल पुरते,
ती गेली की येतेय, तेवढं पुढे जोडायचं.
केयूरनं ती तशीच उचलून
मराठीच्या दारात आणून ठेवली होती, चपलांसकट,
आणि मी तिला बावीस वर्षं
चूक म्हणून परत पाठवत होते.

पी.टी.सी.ला हे कुणी सांगितलं नव्हतं.
परवाच्या प्रशिक्षणात एक स्लाइड होती,
'मुलाच्या घरच्या भाषेचा आदर',
चहाच्या आधी भर्रकन गेली.

मग मी फळ्यावर पाच चौकोन आखले.
मधल्यात 'आज'.
म्हटलं, बाकीचे तुम्ही भरा,
घरी जे म्हणता ते, गल्लीत जे म्हणता ते.
हिंदी आली, गुजराती आली, आजीची कोकणी आली.
रमीला राठवानं एक शब्द सांगितला,
मला तो लिहिता येईना.
तिलाच खडू दिला. तिलाही येईना.
तो चौकोन आम्ही रिकामा ठेवला
आणि मधल्या सुट्टीपर्यंत
सगळा वर्ग तो शब्द नुसता बोलून पाहत होता.

इतक्यात ध्रुवी मोहिते उभी राहिली.
'बाई, परवा मी जिन्यावरून पडले.'
बरं.
'आणि परवा रविवार आहे.'
बरं.
'मग बाई, तुमचा परवा
दोन्हीकडे कसा जातो?'

मी फळ्याकडे पाहिलं.
दोन टोकांच्या दोन चौकोनांत
माझ्याच अक्षरात, एकच शब्द.
त्याच्याभोवती मी आजवर
एकही गोल काढलेला नाही.

केंद्रावरचे साहेब आले, फळा पाहिला,
विचारलं, 'हा कुठला विषय?'
मी म्हटलं, गणित.
ते हजेरी पाहून गेले.

संध्याकाळी अ‍ॅपमध्ये भरायचं असतं.
मुलाच्या नावापुढे दोनच खिडक्या:
येतं. येत नाही.
येतं, पण मागच्या दारानं,
याला खिडकी नाही.
मी बराच वेळ बोट वर धरून बसले,
मग फोनची बॅटरीच संपली.

या आठवड्यात केयूरची वही तपासायला आली.
'मी परवा मामाकडे'
आणि पुढे काहीच नाही, क्रियापद खाल्लेलं.
लाल पेन काढलं नाही. पेन्सिलनं विचारलं:
गेलास की जाणार?

वही त्याच्या हातात दिली गुरुवारी.
आज शनिवार.
अकरांतले दहाच आलेत.
भिंतीवरच्या रेघेपाशी
त्याचा कान यायचा तिथे
पुराचा रंग जरा पुसट झालाय,
टेकून टेकून.