आडवा धागा

समुद्र मी एकदाच पाहिलाय,
गड्ड्याच्या जत्रेत, फोटोवाल्याच्या पडद्यावर.
लाटांना खाली दुमड पडलेली,
शिडाच्या होडीची कड उसवलेली.
मांजरपाट होता. मी हात लावून बघितला,
तर फोटोवाला ओरडला, रंग निघतो, ताई!

आता अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
सात नंबरच्या शेडमध्ये
मी समुद्रासाठी पिशव्या शिवते.
पिशव्या कसल्या,
वीस मीटर लांब, आत माणूस उभा मावेल एवढ्या.
त्यांत वाळू भरतात म्हणे,
आणि किनाऱ्यापासून थेट लाटांच्या पोटात
आडव्या नेऊन निजवतात, एकीला लागून एक.
वाहून जाणारी वाळू तिथे अडते.
साहेब त्याला ग्रॉयन म्हणतो.
इरय्या मामा म्हणतो, नाव काही असू दे,
आडवा धागाच की तो.

मामाने बत्तीस वर्षं चादरी काढल्या.
मग माग भंगारात गेले, किलोच्या भावाने,
आणि मामा या नव्या मागावर आला,
जिथे सूत नाही, प्लास्टिकची पट्टी आहे,
आणि अख्ख्या ताग्यावर एक मोर नाही.
पहिल्या दिवशी त्याने कापड गालाला लावलं.
काही बोलला नाही.

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
रात्री दीडला, चोरासारखा.
पिंप, घागरी, कुकरचं भांडं,
पोराची शाळेची बाटलीसुद्धा रांगेत.
आणि सकाळी आठला मी
पाणी अडवायच्या पिशव्या शिवायला बसते.
हसू येतं.
दुहेरी टाका, इंचाला चार.
सुई तापते, बोट लांब ठेवायचं.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री,
पंखा तीच हवा इकडून तिकडे ढकलतोय.

मैनोद्दीन ट्रक घेऊन तिकडे जातो, तांबळवेळेला.
येताना सुकट आणतो, शेडभर वास.
गेल्या साली सांगत आला,
वाळू साठली की हो, पिशव्यांच्या ह्या अंगाला,
पोरं क्रिकेट खेळायलीत!
मालकाने पेढे वाटले. मी दोन घेतले.

या खेपेला तो चहाला नको म्हणाला.
त्या अंगाला, पुढच्या वाडीत,
वाळू जायची ती आता जातच नाही.
समुद्र वर सरकतोय.
सात माड गेले.
जयवंती म्हणून एक बाई आहे,
तिचं मासे वाळवायचं खळं गेलं.
ट्रकवर सोलापूर वाचून तिने विचारलं,
कोण शिवतं हो हे?
मग? तू काय सांगितलंस?
सांगितलं, मशीन शिवते.

मामाने माग थांबवला.
एकीकडे ताणलं की दुसरीकडे झोळ पडतो,
एवढंच म्हणाला, आधी तेलुगूत,
मग मराठीत, मैनोद्दीनला कळावं म्हणून.
झोळाची चादर सेकंडमध्ये निघते.
वाडी कुठल्या दुकानात ठेवायची
सेकंड म्हणून?

दुपारी ऑर्डर आली, त्याच पुढच्या वाडीची.
त्यांनाही पिशव्या हव्यात, चाळीस नग.
साहेब खूश.
मी विचारलं, आणि तिच्या पुढे कुठली वाडी आहे?
त्याने मान वळवून भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.
नकाशा सोलापूर जिल्ह्याचा होता.

मग मी शिवायला बसले. दुसरं काय.
फक्त एका पिशवीच्या आतल्या अंगाला,
जिथे वाळू बसणार तिथे,
शिंप्याच्या खडूने लिहिलं: सुगुणा.
पुसणार, माहीत आहे.
पुसायच्या आधी
बाईने विचारलेल्याला कुणीतरी उत्तर दिलेलं असावं.

आज पाचवा दिवस.
दीडला उठायचंय.