तिसऱ्या खुंटीवरची

नोव्हेंबरच्या नऊ तारखेला लेम्पी निएमेला दुकानात आली,
बुटांवरचा बर्फ दारातल्या पोत्यावर झटकला
आणि म्हणाली, "आर्वो, मला माझी स्वतःची रायफल हवी."
तीस वर्षं ती भावाची वापरत होती.
ओन्नीने ती आता नातवाला दिली. न विचारता.
"देऊ दे. तशीही माझ्या हाताला लांबच होती."

हंगामाला सहा दिवस उरलेले.
सुपीरियर सरोवरावरून वारा नुसता दात खात येतोय.
अशा वेळी गिऱ्हाईक विचारतं, किती लांब मारते?
पाचशे यार्ड? सहाशे?
मी म्हणतो, बाबांनो, आपल्या सीडरच्या दलदलीत
ऐंशी यार्डांपुढे हरीणच काय,
कुणाला स्वतःचं पापही दिसत नाही.

लेम्पीने तसलं काही विचारलं नाही.
बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला,
मान कलती करून ऐकला. पुन्हा ओढला.
नव्या बंदुकीचा बोल्ट कुरकुरतो,
पहिल्यांदा जेवायला आलेल्या जावयासारखा.
"हिला अजून घर माहीत नाही," म्हणाली आणि ठेवली.

दुसरी काढली. काळा प्लॅस्टिकचा दस्ता,
ओलीत फुगत नाही, थंडीत आकसत नाही.
"हो, आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही."

मग मी तिला बापाची युक्ती सांगितली:
डोळे मीट. खांद्याला लाव. गाल टेकव.
आता उघड. काय दिसतं?
"अमावस्येच्या आदला चंद्र."
म्हणजे दुर्बिणीत नुसती कोर.
म्हणजे दस्ता लांब, मान ताणलेली,
म्हणजे दोन तास गारठ्यात बसल्यावर
हरीण आलं, तर आधी स्वतःची मान शोधायची.
चार रायफली झाल्या. चारही वेळा चंद्र.

"आणि ती?"

ती.
अक्रोडाचा दस्ता, मागून दीड इंच कापलेला,
गाल टेकून टेकून एका जागी तेलकट काळा.
तीनशे आठची. बोल्ट असा सरकतो,
जसं घरातलं माणूस अंधारात वावरतं.

ती इर्याची. माझ्या बायकोची.
दोन हिवाळे झाले, तिचे हात थरथरतात.
कॉफीचा कप अर्धाच भरायचा, हे आता मलाही कळतं.
मार्चमध्ये म्हणाली, वीक.
वीक म्हणाली, म्हणून टांगली.
केवढ्याला, ते नव्हती म्हणाली.

चिठ्ठीवरचा आकडा वाचून लेम्पीने माझ्याकडे पाहिलं,
वर्गातल्या बाई पाहतात तसं,
ज्याची वही घरी राहिलीय त्या पोराकडे.
मग डोळे मिटले.
खांदा. गाल.
उघडले.
"चंद्र?" मी विचारलं.
"नाही. तुझ्या भिंतीवरचा भुसा भरलेला मासा.
अख्खा दिसतोय. धूळ झालीय त्याच्यावर."

मी आकडा खोडला. दुसरा लिहिला. तोही खोडला.
"लिही सावकाश," ती म्हणाली, "दलदल कुठे पळत नाही."

पंधरा तारखेला, नुकतं फटफटताना,
दलदलीच्या बाजूने एक बार आला.
मी दुसऱ्याची वाट पाहिली. आला नाही.
इर्या खिडकीशी होती.
तिने कप दोन्ही हातांनी खाली ठेवला
आणि काहीच विचारलं नाही.
तेवढंच मला जरा खटकलं.

डिसेंबरात खाकी कागदात बांधलेलं मांस आलं,
वर पेन्सिलीने खरडलेलं:
"अर्धं इर्याला.
तिला सांग, पट्ट्याचं बक्कल खरंच टोचतं,
ती फोनवर म्हणाली होती तसंच.
अकरा वर्षं ती तुला सांगतेय म्हणे.
आर्वो, आता तरी बदल."